दोनदा भाजलेलं

बिस्कीट या शब्दाचा मूळ अर्थ 'दोनदा भाजलेलं', हे शब्दकोशात वाचलं आणि संध्याकाळी टोस्ट आणायला गेले तेव्हा बेकरीवाल्या रहीमचाचांना सांगितलं. वडील नुकतेच दवाखान्यातून घरी आले होते. चहाबरोबर त्यांना फक्त टोस्टच जात होता.

चाचांना काही नवल वाटलं नाही. "मग तो टोस्टच की," ते म्हणाले. सकाळी भाजलेल्या पावाचे काप ते पत्र्यावर मांडत होते. भट्टीतला विस्तव ओढून बाहेर काढला होता. "पहिल्यांदा जाळ लागतो, दुसऱ्यांदा नुसती ऊब. घाई केली तर वरून करपतो आणि आत ओल राहते. मग दोन दिवसांत बुरशी."

महिनोन्महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांसाठी कुणीतरी असाच पाव दुसऱ्यांदा भट्टीत सरकवला असेल. त्या माणसाचं नाव कुणाला ठाऊक नाही, त्याची रीत मात्र एका शब्दात टिकून राहिली. हल्लीची बहुतेक बिस्किटं एकदाच भाजतात. नाव तेवढं जुनं. रीत सांभाळतात ती चाचांसारखी माणसं, आणि त्यांचं त्या नावावाचून काही अडलेलं नाही.

सकाळी वडिलांनी टोस्ट चहात बुडवला. हात अजून कापत होता, त्यामुळे कपापासून तोंडापर्यंतचं अंतर बरंच लांबलं. तुकडा पडलाच तर म्हणून मी खाली बशी धरून बसले होते.

टोस्ट तोंडापर्यंत अख्खा पोचला.