घशाकडे बघ

“तोंडाकडे नको, घशाकडे बघ. उतरला घोट? मग दुसरा.”

नर्सबाई हे दिवसभर म्हणत. डाव्या हातावर कुणाचं तरी मूल, उजव्या हातात चमचा. तळोद्याच्या दवाखान्यात मुलांची खोली त्यांनी सुरू केली, मग नर्सिंग शिकणाऱ्या मुलींचा वर्ग. मी तिथला कारकून. दुपारी मी त्या मुलींना लिहायला-वाचायला शिकवत असे.

बाईंची एक रीत होती. आजारी मुलाला चमचा लावण्याआधी प्रत्येकीनं स्वतः खाटेवर निजायचं आणि दुसरीच्या हातून पेज प्यायची. “निजलेल्याला कुठं ठसका लागतो, ते उभ्यानं कळत नाही.” मुली हसत, ठसकत, एकमेकींच्या हनुवट्या पुसत.

वर्गात धडगावकडची एक भिल्लांची मुलगी होती. एकदा पाटलांची मुलगी तिच्या हातून पेज प्याली. दुसऱ्या सकाळी पाटील दारात.

“भीलनी पोरना हातनं मन्ही पोरनी पेज पिदी? आते तिन्हासंगे लगीन कोन करी?”

“लग्नाचं मला ठाऊक नाही, पाटील. मी चमचा धरायला शिकवते.”

“मंग तिले काढी टाका. नही ते वर्ग बंद.”

बाईंनी तिला काढलं नाही. बाकीच्या मुली मात्र एकेक करून गेल्या. मग बाई स्वतःच खाटेवर निजू लागल्या. पिकल्या केसांची बाई, आणि चमचा धरलेली ती एकटी मुलगी. “घाई करतेस. पुन्हा.”

पुढे पाटलांचाच नातू हगवणीनं सुकून आला. बाई आणि ती मुलगी, दोघींनी आळीपाळीनं पाजून त्याला वाचवला. घरी नेताना पाटलीणबाईंनी दवाखान्याच्या पायरीवरच, त्या मुलीदेखत, आडव्या पोराच्या तोंडात गोमूत्र ओतलं. पोर ठसकलं, काळंनिळं पडलं. बाईंनी धावत जाऊन त्याला पालथं घेतलं, पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा ते रडलं.

“इटाळ निंघी ग्या,” पाटलीणबाई समाधानानं म्हणाल्या.

“निदान बसवून तरी पाजा,” बाई म्हणाल्या.

मला तो वास अजून येतो. असली माणसं तुम्हीही पाहिली असतील; पोर वाचल्याचा आनंद त्यांना विटाळ गेल्यावर होतो.

पाटील दवाखान्याच्या कमिटीवर होते. त्यांनी बोलल्याप्रमाणे वर्गाला कुलूप लावलं. ते पुन्हा उघडलं नाही. बाई मुलांच्या खोलीत राबत राहिल्या आणि तिथल्याच तापानं गेल्या.

शोकसभेचे अध्यक्ष पाटीलच. ती मुलगी बाहेर ओट्यावर बसली होती. तिनं पाणी मागितलं, तेव्हा शिपायानं उंचावरून तिच्या ओंजळीत ओतलं. निम्मं पदरावर सांडलं. आत पाटील शुद्ध मराठीत सांगत होते, “नर्सबाई आम्हां सर्वांच्या आई होत्या.”

मग त्यांनी चांदीच्या भांड्यातून पाणी घेतलं. सवयीनं मी त्यांच्या घशाकडे पाहिलं.

घोट सहज उतरला. मिशा पुसून ते पुन्हा म्हणाले, “आईच होत्या.”