दोन प्रोसेसर आणि कलैसेल्वी

पडद्यावर माझाच चार्ट होता. दोन पट्टे, एक बुटका आणि एक उंच. प्रॉडक्शन मॅनेजर सेंदिल सर उंच पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "नवा प्रोसेसर जुन्याच्या दीडपट फास्ट आहे. रिपोर्ट मॅडमच्याच कंपनीचा. म्हणजे प्रॉब्लेम मशीनचा नाही."

मग त्यांनी दाराकडे पाहिलं. तिथे निळ्या शर्टातली एक मुलगी उभी होती. तिला कुणी बसायला सांगितलं नव्हतं.

ही कलैसेल्वी. श्रीपेरुंबुदूरच्या त्या कारखान्यात ब्रेकचे भाग बनतात, आणि ती तपासणीच्या स्टेशनवर ऑपरेटर होती. तिथे निळा शर्ट म्हणजे कॉन्ट्रॅक्टवरची माणसं, राखाडी म्हणजे कंपनीच्या रोलवरची, कायमची. तिला लवकरच राखाडी शर्ट मिळणार असं सगळे धरून चालले होते. आता मात्र तिला ठेवायचं की काढायचं, यावर मीटिंग चालली होती.

मी अड्यारच्या एका छोट्या कंपनीत परफॉर्मन्स इंजिनिअर आहे. कॅमेऱ्याने माल तपासणारी स्टेशनं आम्ही बनवतो. प्रत्येक स्टेशनच्या पोटात एक साधा डेस्कटॉप कॉम्प्युटर असतो, आणि त्याचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. दोन प्रोसेसरमधून एक निवडायचा तर दोघांना सारखंच काम द्यायचं आणि कोण किती वेगाने करतो ते मोजायचं. याला बेंचमार्क म्हणतात. शाळेच्या परीक्षेसारखंच आहे, फक्त इथे मार्क बघून लोक पेपर बघायचं सोडून देतात.

स्टेशनचं काम असं चालतं. सरकत्या पट्ट्यावरून भाग येतो, कॅमेरा फोटो काढतो, कॉम्प्युटर त्यात तडा शोधतो. शंका आली की तो फोटो ऑपरेटरच्या स्क्रीनवर येतो. तिने लाल बटण दाबलं की एक दांडा समोरचा भाग ढकलून भंगारात टाकतो. नवा प्रोसेसर बसवल्यापासून कलैसेल्वीच्या स्टेशनवरून तडे गेलेले भाग पुढे जात होते आणि धडधाकट भाग भंगारात पडत होते. गाड्या बनवणाऱ्या कंपनीची तक्रार आली होती. शेजारच्या स्टेशनवर जुना प्रोसेसर होता, तिथे सगळं सुरळीत.

"सर," मी म्हटलं, "माझा रिपोर्ट अनेक पानांचा होता. हे फक्त पहिलं पान आहे."

"मॅनेजमेंट एकच पान बघतं, मॅडम."

"ही टेस्ट आमच्या लॅबमधली आहे. एसी खोली, टेबलावर उघडा बोर्ड. सगळेच तसं करतात. तुमच्याकडे कॉम्प्युटर बंद कॅबिनेटमध्ये आहे. तसं मी पुढच्या पानावर लिहिलंय."

"ग्राइंडिंगची धूळ उडते. कॅबिनेट बंदच ठेवावं लागतं."

"मग मला तिथे, बंद कॅबिनेटमध्येच टेस्ट करू द्या. तोपर्यंत हिचा निर्णय नको."

"शनिवारपर्यंत बघा," ते म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. माझ्या चार्टने एका मुलीला आरोपी केलं होतं आणि मला कुणी विचारलंही नव्हतं.

बाहेर आल्यावर मी कलैसेल्वीला विचारलं, "लाल बटण कधी दाबतेस?"

"तडा दिसला की, अक्का. दिसल्याशिवाय कशाला दाबू? त्यांनी माझे डोळे तपासून घेतले. डोळे चांगले निघाले, तर म्हणाले, लक्ष नाही." मग तिने विचारलं, "तो चार्ट तुम्ही काढलात?"

मी हो म्हटलं. ती मान हलवून आपल्या स्टेशनकडे परत गेली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आमचे साहेब माधवराव तंजावरकडचे. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं मराठी बोलतात. माझा स्वभाव त्यांना ठाऊक आहे. म्हणाले, "पाहोन ये. भांडोन येऊ नको. क्लायंट आहे, सरी?" सरी म्हणजे तमिळमधलं 'ठीक'.

मी दोन्ही स्टेशनांच्या कॅबिनेटची दारं बंद ठेवून, लाइन चालू असताना, पूर्ण शिफ्टभर तोच बेंचमार्क लावला. सुरुवातीला नवा प्रोसेसर खरंच पुढे होता. पण तो वीज जास्त खातो, म्हणून तापतोही जास्त. बंद कॅबिनेटमधली गरम हवा जाणार कुठे? प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो. आम्ही याला थ्रॉटलिंग म्हणतो. जेवणाच्या सुट्टीआधीच नवा जुन्याच्या मागे पडला. जुना सकाळी जितका मंद होता तितकाच संध्याकाळी.

नवा मंदावला की फोटो स्क्रीनवर उशिरा यायचा. तोवर तडा गेलेला भाग दांड्यासमोरून निघून जायचा आणि मागचा चांगला भाग तिथे यायचा. कलैसेल्वी बरोबर बघत होती, बरोबर दाबत होती. चोर सोडून संन्याशाला सुळी, अशातली गत. एकदा पट्ट्यावर, आणि एकदा मीटिंगमध्ये.

सेंदिल सर स्वतः चांगले इंजिनिअर आहेत. आकडे बघून त्यांना क्षणात कळलं.

"कॅबिनेटला पॅनेल एसी बसवू," ते म्हणाले. पॅनेल एसी म्हणजे कॅबिनेटच्या दारावर बसणारा छोटा एसी. "शनिवारी लाइन बंद असते, तेव्हा करा."

"आणि कलैसेल्वी?"

"तुम्ही प्रोसेसरचा रिपोर्ट द्यायला आलात ना? त्यात ऑपरेटरचं नाव कशाला?"

मी नाव लिहिलं. ऑपरेटरची चूक नाही, असं पहिल्याच ओळीत लिहिलं आणि एचआरलाही मेल केला. माधवरावांनी मेल वाचला आणि अडवलं नाही.

शनिवारी आम्ही एसी बसवला. सोमवारी तपासायला गेले, तर फोटो वेळेवर येत होते. स्क्रीनसमोर दुसरीच मुलगी बसली होती. कलैसेल्वीचा गेटपास शनिवारीच बंद केला होता.

मी तिला फोन केला. ती विल्लुपुरमजवळच्या आपल्या गावी परतली होती.

"दुसऱ्या कंपनीत गेले होते, अक्का. माणसं पुरवणारा कॉन्ट्रॅक्टर तोच आहे. म्हणाले, तुझ्या नावावर खराब माल आहे."

"मी बोलते त्यांच्याशी."

"बोला," ती म्हणाली. तिचा विश्वास नव्हता, आणि ते बरोबरच होतं. कॉन्ट्रॅक्टरने माझं ऐकून घेतलं आणि सांगितलं की कारखान्याने लिहून दिलं तर बघू.

मी सेंदिल सरांकडे गेले. तक्रार मिटली होती. त्यांनी कॉफी मागवली.

"मॅडम, ग्राहकाला मूळ कारण सांगावं लागतं. मशीन म्हटलं तर सगळ्या स्टेशनांचं ऑडिट. ऑपरेटर म्हटलं तर विषय बंद. आणि बघा ना, नवी मुलगी आल्यापासून एकही खराब भाग गेला नाही."

"ते एसीमुळे झालं, सर."

"सिद्ध करता येईल?"

दोन गोष्टींची तुलना करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा बेंचमार्कचा पहिला नियम. दोन बदलल्या की फरक कशामुळे पडला हे कुणालाच सांगता येत नाही. सेंदिल सरांना हा नियम माझ्याइतकाच ठाऊक आहे. म्हणूनच त्यांनी दोन्ही एकाच शनिवारी बदलल्या.