बंदोबस्ताला आलेली बाई

एक गोष्ट मी आजवर तोंडाबाहेर काढलेली नाही. आईजवळ नाही, मित्रांजवळ नाही, बायकोजवळही नाही — आणि तिला तर ती माहीतच आहे. ती तिथेच होती. मी बोललो ते तिने ऐकलं. तरी इतकी वर्षं आम्ही दोघं त्या गोष्टीच्या कडेकडेने वावरतो, घरात कुणी आजारी झोपलेलं असावं तसे.

माझी बायको सुनंदा पोलिसात आहे. आज सहायक फौजदार. लग्न झालं तेव्हा साधी शिपाई. मी अकोल्यात शाळामास्तर, राहायला जठारपेठेत. तिचं माहेर बार्शीटाकळीकडचं, भाजीचा आणि फुलांचा मळा. वडिलांबरोबर बाजारात झेंडू विकत वाढलेली मुलगी. म्हणायची, "गिऱ्हाईक असो का चोर, नजरेत धरून ठेवा लागते, मास्तर. नजर सुटली का गेला." मला ती मास्तरच म्हणते. रागावली की मात्र 'गुरुजी'.

परवा आमच्या भागातल्या महिला मंडळाने पोलिसातल्या बायकांचा सत्कार केला. शाल, नारळ, मोगऱ्याचा हार. गळ्यात हार घेऊन शेजारी येऊन बसताना सुनंदा हळूच मला म्हणाली, "फुलं शिळी हायेत, मास्तर. पानी मारून आनले." मग सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी मलाही उभं केलं. म्हणाल्या, हे गुरुजी इतकी वर्षं स्वतःच्या हाताने बायकोची वर्दी धुतात, खळ घालतात, इस्त्री करतात. घरोघरी असा नवरा मिळो. टाळ्या पडल्या. बायका कौतुकाने माझ्याकडे बघत होत्या. मी हात जोडले.

ती वर्दी मी का धुवायला लागलो, हे त्या बाईंना कुठे माहीत होतं?

आधी सुनंदाचं त्या वर्षांतलं काम सांगावं लागेल. म्हणजे — टाळतो आहे असं वाटेल तुम्हाला. थोडं टाळतोही आहे. पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

कापसाची ती वाईट वर्षं होती. गावोगाव माणसं जात होती, औषध पिऊन, विहिरीत. ठाण्यातून पंचनाम्याला जमादार निघाले की बरोबर एक बाई लागायची, घरातल्या बायकांशी बोलायला. बहुतेक वेळा सुनंदाच. जमादार अंगणात बाजेवर बसून लिहायचे, ही आत जायची. आत काय चाललेलं असायचं ते तुम्ही जाणता. शेजारच्या म्हाताऱ्या जमलेल्या, गेलेल्याच्या तरुण बायकोचे हात धरलेले, बांगड्या फोडायची घाई. कधी कधी तिला नीट कळलेलंही नसायचं काय झालंय ते.

सुनंदा दारात उभी राहायची आणि सांगायची, "पंचनामा झाल्याबिगर कोनी बांगडीले हात लावाचा नाई. कायदा हाय."

असा कायदा कुठेच नाही. तिने तो स्वतः केला होता. खाकीतल्या बाईला 'कोणतं कलम' म्हणून विचारणार कोण? म्हाताऱ्या मुकाट हात सोडायच्या. मग ही चुलीपाशी बसायची, चहा टाकायची, त्या पोरीला आधी पाणी पाजायची, लेकराला मांडीवर घ्यायची. पंचनामा लांबवायला जमादारांना तिने सांगूनच ठेवलेलं असे. तोवर संध्याकाळ व्हायची, म्हाताऱ्या दमायच्या. पुष्कळदा बांगड्या तशाच राहून जायच्या. एका म्हातारीने तर तिला विचारलं होतं, "पोरी, हा कायदा आमच्या येळेले कुठी गेला होता व?" हे मला सांगताना सुनंदा हसली होती, आणि मग बराच वेळ भांडीच घासत बसली होती.

अशा घरातून ती आली की मी ताट वाढून द्यायचो. अभिमान होता मला तिचा — हे खोटं नाही. घराच्या चार भिंतींत मला तिचा फार अभिमान होता.

आता अकोटचं लग्न.

माझ्या मावसबहिणीची मुलगी. दुपारचा मुहूर्त. सुनंदाला रजा नव्हती, पण त्या दिवशी तिला अकोटकडच्याच एका गावी जायचं होतं. काम उरकलं की तिथूनच येते म्हणाली, अक्षतांना पोचते. कुठल्या कामाला गेली होती ते मला माहीत होतं. मांडवाच्या दारात मी नवऱ्याकडच्यांचं स्वागत करत उभा. गुलाबपाणी, अत्तर, डोक्याला फेटा. शेजारी नवरदेवाचा काका, भारदस्त गृहस्थ, गावात शब्दाला मान असलेला. आमचं चांगलं जमलं होतं. शाळेबद्दल विचारत होता, मीही जरा वाढवूनच सांगत होतो.

आणि सुनंदा आली. एसटीतून उतरून चालत. खाकीवर धूळ, हातात टोपी, चेहरा उन्हाने काळवंडलेला. मला पाहून हसली. तिची एक पद्धत आहे, ओठ न उघडता हसायची.

काका माझ्याकडे वळून म्हणाला, "हे पोलिसबाई काहून आली हो? हे तर तेच बाई दिसते. आमच्या भावकीत मयतीवर आली होती, बायांले बांगड्या फोडू देल्या नाई हिनं. शुभकार्यात कोनं बोलावलं हिले?"

बघा — मला काय म्हणायचं होतं? चार शब्द. लहान मुलालाही जमतील असे.

मी म्हणालो, "बंदोबस्ताले आली असन. रस्त्यावर गर्दी हाय ना."

असन! जणू तिला ओळखतच नव्हतो.

सुनंदाने ऐकलं. तिचं हसणं लगेच गेलं नाही, तेच मला जास्त आठवतं. ते थोडं थांबलं आणि मग तिने टोपी डोक्यावर घातली. पाठ फिरवली आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. समोर वरातीची घोडी, बँड, एक कापसाचा ट्रॅक्टर, सगळं अडकलेलं. तिने हात करून ट्रॅक्टर मागे घ्यायला लावला, घोडीला वाट करून दिली. काका खूश झाला. म्हणाला, "कामाची हाय बाई."

आमच्या घरातल्यांनी विचारलं नाही असं नाही. मावसबहीण स्वतः बाहेर गेली — वहिनी, आत चला ना, तुमच्याच घरचं लगन. सुनंदा तिला म्हणाली, "ड्यूटी लागली व माय अचानक. सायबानं इथंच उभं केलं." माझं खोटं तिने खरं करून दाखवलं. मी नुसतं बोललो होतो, तिने ते उन्हात उभं राहून निभावलं.

पंगत बसली. माझ्या हातात वरणाची बादली. मांडवाच्या फटीतून ती दिसत होती. आचाऱ्याचा माणूस माझ्याजवळ आला, मला घरचा समजून. "गुरुजी, भायेरच्या पोलिसबाईले पान देऊ का?"

"दे," मी म्हणालो.

फक्त 'दे'. घरच्या मालकाने परक्याला द्यावं तसं. ती मांडवामागे बँडवाल्यांच्या ओळीत बसून जेवली. क्लॅरिनेटवाला तिला काहीतरी सांगत होता आणि ती मान हलवत ऐकत होती. मी वरण वाढत पुढे सरकलो.

संध्याकाळी ती माझ्यानंतर घरी आली. पाय धुतले. मला वाटलं, आता 'गुरुजी' म्हणेल. मी तयार होतो, खरं सांगायचं तर वाटच बघत होतो. ती म्हणाली, "मास्तर, वरण मस्त झालं होतं, नाई? कोन आचारी होता?" मी आचाऱ्याचं नाव सांगितलं. मग आत जाता जाता म्हणाली, "तसंबी मी मयतीच्या घरून आली होती. आंघोळ कुठी केली होती." एवढंच. त्यानंतर तो विषय आमच्यात निघालेला नाही.

ते कारण तिने मला दिलं. हातात ठेवलं, घ्या म्हणून. ते मी इथे वापरणार नाही. कारण त्या वेळी माझ्या डोक्यात आंघोळ नव्हती. काकासमोर माझा रुबाब जाईल ही भीती होती — ती तर होतीच. पण तिच्या खाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती मी स्वतःजवळही फार उशिरा कबूल केली. क्षणभर मलाही ती अशुभ वाटली. माझी बायको. विधवा पोरींचे हात वाचवून आलेली बाई भाचीच्या मांडवात शिरू नये, असं मलाही वाटलं. मी शिकलेला, वर्गात अंधश्रद्धेवर बोलणारा. तिला ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. नजरेत धरून ठेवायची तिची सवय मी तुम्हाला सांगितलीच आहे.

दुसऱ्या दिवशी मी तिची वर्दी धुवायला घेतली. ती म्हणाली, "राहू द्या, तुमाले जमत नाई." मी धुतली. शर्टच्या खिशात हळदीचे तांदूळ निघाले. बाहेर उभ्या असलेल्या तिला कुणीतरी अक्षता दिल्या असतील, आणि त्या टाकायला ती आत येऊ शकली नसेल. मी ते तांदूळ कुंडीत टाकले आणि वर्दीला खळ घातली. तेव्हापासून घालतो आहे. लोक त्याला प्रेम म्हणतात. प्रेम आहेच. माझं तिच्यावर फार प्रेम आहे, याची शंका तुम्ही घेऊ नका. पण प्रेम करणाऱ्या माणसाकडून असं होत नाही, असंही समजू नका.

सत्काराहून परतताना रिक्षात ती शाल मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "तुमाले जास्त टाळ्या पडल्या, मास्तर." आणि ओठ न उघडता हसली. चिडवत होती की आणखी काही, मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

तो काका हयात आहे. आता थकला आहे, अकोटलाच मुलाकडे असतो. सुनंदाला बरोबर घेऊन त्याच्या घरी जायचं, आणि त्याच्यासमोर सांगायचं, की त्या दिवशी मांडवाच्या दारात उभी होती ती बंदोबस्ताला आली नव्हती, ती माझी बायको होती. एवढं मी तिचं देणं लागतो. मी अजून गेलेलो नाही.