टीव्हीला घातलेला हार

हिंगणघाटला ब्रॉडबँड नवंनवं आलं तेव्हाची गोष्ट. मी जिनिंगवाल्यांच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या गिरणीवाल्यांच्या संघटनेचा पगारी सचिव होतो. आमच्या घरात कॉलेज पास झालेला मी पहिला. हे आजही सांगतो, तेव्हा तर कोणी न विचारताच सांगायचो. कॉम्प्युटरवरून सभा घ्यायची कल्पनाही माझीच.

प्रायोजक म्हणजे नागपूरचे एक शेठजी, जिनिंगच्या यंत्रांचे सुटे भाग बनवणारे. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांचा प्रवास बंद होता. फोनवर म्हणाले, "या सभेचा खर्च मी देतो. लोकं नुसते चहा पिऊन गेले, तर पुढच्या तीन विसरून जाजो." त्या तीन मिळाल्या नाहीत तर दुसरी नोकरी पाहा, असं अध्यक्षांनी मला तोंडावर सांगितलं होतं.

दुपारी पंचवीसेक जिनिंगवाले जमले. टेबलावर मोठा टीव्ही, त्यात शेठजींचा चेहरा. बाजूला स्टँडवर कॅमेरा, त्यातून शेठजींना टीव्ही आणि आम्ही सगळे दिसत होतो.

आपल्याकडे सत्काराशिवाय सभा सुरू होत नाही. अध्यक्ष झेंडूचा हार घेऊन उठले आणि गळा शोधू लागले.

"आता हा घालू कोणाले?"

"टीव्हीलेच घाला ना, भाऊ," मीच म्हणालो.

त्यांनी घातला. शेजारी सरस्वतीच्या फोटोसमोर उदबत्ती होती, तिचा धूर काचेवरून वर चढला. आणि नेमकं तेव्हाच चित्र थांबलं. शेठजींचे डोळे अर्धे मिटलेले, तसेच राहिले.

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"लाइन गेली," मी म्हणालो, "त्यांना ऐकू येत नाही." वायरी तपासायला काचेजवळ हात नेला तर हातावरचे केस उभे राहिले.

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "माणूस चांगला होता."

कोणी हसलं नाही.

"चांगला होता, पन त्याचं बेअरिंग लय तापे. भर हंगामात जिन बंद पडे."

"मग सांगतलं काऊन नाई त्याले?"

"तोंडावर कोन बोलन? अन् मिस्त्री बसे नागपूरले. तो येईपर्यंत कापूस तसाच पडून."

एकेक जण बोलत गेला. दबक्या आवाजात, त्या हार घातलेल्या तोंडाकडे पाहत. मी वायरी धरून उभाच.

तेवढ्यात आवाज आला. चेहरा हलला नव्हता, ओठ मिटलेलेच.

"बोला. ऐकून राह्यलो मी."

एक खुर्ची मागे सरकली. अध्यक्षांनी कसंबसं विचारलं, "शेठजी, कवापासून?"

"टोपी काढली तवापासून. सारं दिसून राह्यलं मले. जित्या माणसाले तर तुमी आजवर नुसतं 'बढिया, बढिया' म्हनत आले, म्हनून चूप बसलो." थोडा वेळ नुसती खरखर. "मिस्त्री तिथंच बसवतो. पुढच्या तिन्ही सभा माह्या. पन सचिव, पयले तो हार काढ."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. गेलेल्याच्या फोटोला हार घालताना खूप पाहिले होते, असा उतरवताना कोणी पाहिला नव्हता. फुलं टीव्हीच्या उबेनं गरम झालेली. हार उचलला, एक पाकळी काचेला चिकटून राहिली, बरोबर पापणीवर. ती मी नखानं काढली, आणि तो डोळा उघडला.