अकरा म्हणजे अकराच

यशवंत सरांची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली. भांडायला मीच गेली होती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर सरांच्या साठीच्या या गौरवग्रंथात दुसरं कोणीतरी तिखटमीठ लावून लिहील.

पोंभुर्ण्यात विहाराला लागून वाचनालयाची खोली आहे. माझी सून सुनंदा अंगणवाडी सेविका. दर रविवारी दुपारी ती तिथे जाऊन बसायची. शेजारणीने माझे कान भरले, "तुमची सून फासे खेळून राह्यली, बाई." आमच्या घरात जुगार चालत नाही. चपला घातल्या आणि सरळ तिथे गेली. आत तिघे होते. सर, सुनंदा आणि घुग्घुसच्या सिमेंट कारखान्यात पाळीवर जाणारा रोशन. मी तोंड उघडायच्या आत सर उठून उभे राहिले, हात जोडले.

"जय भीम, बाई. भांडण करू, पन पाच मिनिटं थांबा. तुमची सून कड्याले एका हातानं लटकून आहे. सुटली त मरते."

मी सुनेकडे पाहिलं. खुर्चीवर धडधाकट बसून होती, पण कपाळाला घाम. म्हटलं, पाहू तरी पडते का. मी बसली, ती आजपर्यंत बसलेलीच आहे.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. यात पट नाही, सोंगट्या नाहीत, पैसा तर नाहीच. सर गोष्ट सांगतात. आपण त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं, काय करतो ते बोलायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो. हा खेळ इंग्रजी पुस्तकांतून आला. सरांनी शाळेत गणित शिकवता शिकवता मराठीत स्वतःचे नियम लिहिले. परक्यांचे किल्ले नकोत म्हणाले, आपलं जंगल काय कमी आहे? एकेक नियम लिहायचे, आम्हाला वाचून दाखवायचे, आणि कोणी "म्हणजे काय सर?" म्हटलं की तो नियम खोडून पुन्हा लिहायचे. माझी शाळा तिसरीत सुटली. मला ते नियम समजतात यात माझी हुशारी काही नाही, सरांची आहे. अक्षर मात्र सरांचं घाण आहे, गौरवग्रंथ असला म्हणून खोटं कशाला लिहू?

पहिल्या दिवशी सरांनी मला विचारलं, "बाई, तुमी जडीबुटीवाली होता का? साऱ्यायले बरं कराल."

मी म्हटलं, "जन्मभर साऱ्यायचं दुखलं-खुपलं मीच पाह्यलं. इथी मले कुऱ्हाड पाह्यजे."

सर हसले नाहीत. त्यांनी मला कुऱ्हाड दिली. सगुणा नावाची माझी कुऱ्हाडवाली तयार झाली. धान रोवण्याचे आणि कापणीचे रविवार सोडले तर दोन वर्षं मी तिला वागवलं.

आता सरांचा तो नियम, ज्याने आमची टोळी गोत्यात आणली. घाव घातला की फाशावर जेवढे पडतील तेवढा घाव. त्यावर वाढीव मिळतो, त्याला बोनस म्हणतात. कुऱ्हाडीला धार लावली, तो हत्याराचा बोनस. उंचावरून वार केला, तो जागेचा. सोबत्याने ढोल बडवून अंगात जोर आणला, तो जोशाचा. बोनस वेगवेगळ्या प्रकारचे असले तर सगळे जोडायचे. एकाच प्रकारचे दोन आले तर मोठा एक धरायचा, दुसरा वाया. दोन्ही सारखे असले तरी एकच.

रोशनला हे पटत नसे. "दोन ढोल वाजले त आवाज जास्त येते ना, सर?"

सरांच्या आधी मीच बोलली. "ट्रकवर दोन डायवर बसवले म्हून ट्रक दुप्पट पळते का बे? डायवर एकच लागते. मंग डिझेल लागते, रस्ता लागते, तवा पळते."

पण ऐकतो कोण! त्याने आपल्या माणसाला ढोल शिकवला. एका लढाईत तो ढोल फार कामी आला. लगेच सुनंदानेही ढोलच शिकून घेतला. एकाच्या वावरात सोयाबीन पिकलं की पुढच्या साली सारं गाव सोयाबीन पेरतं, त्यातला प्रकार. खेळातल्या माणसाचं सारं ज्यावर लिहितात त्या तिच्या कागदावर सरांनी ढोल लिहिलेला पाहिला आणि काही बोलले नाहीत.

मग दगडी अस्वल आलं. डोंगरातून उतरलेलं, कातडीच्या जागी दगड. मागे गाव, आणि गावाच्या वाटेवर आम्ही तिघं. रोशन आणि सुनंदा जखमी होऊन पडले होते, पडल्या जागी ढोल तेवढे बडवू शकत होते. उभी मी एकटी. अस्वलाचा जीव बारा उरला होता, माझ्या सगुणेचा तीन.

मी फासा टाकला. पाच पडले. धारेचे दोन, सात झाले. खडकावर उभी होती त्याचे दोन, नऊ.

रोशन ओरडला, "माह्या ढोलाचे दोन, अकरा! काकूच्या ढोलाचे दोन, तेरा! मेलं अस्वल!"

सर म्हणाले, "ढोल एकच धरू. अकरा."

म्हणजे अस्वल एका आकड्याने जिवंत राहिलं, आणि आता पाळी त्याची होती. खोलीत सगळ्यांना कळलं पुढे काय होणार ते.

"सर, आजी आहे ना. एकाची त गोष्ट आहे," रोशन म्हणाला.

"आत्याबाईचं मन मोडन, सर. किती सांभाळून राह्यल्या त्या सगुणेले," सुनंदा म्हणाली.

माझा जीव सगुणेत अडकला नव्हता. म्हातारीला सगळेच सूट देतात. पत्त्यांत मुद्दाम जिंकू देतात. चुकीचं बोलली तरी "बरोबर आहे आजी" म्हणून आपसांत डोळे मिचकावतात. या एका टेबलावर मी दोन वर्षं बरोबरीने बसली होती. सरांनी तो एक आकडा सोडला असता तर अस्वल मेलं असतं, आणि त्या खोलीतही मी नुसती आजी उरली असती.

सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "अकरा म्हणजे अकराच," म्हणाले. एरवी ते आपला फासा पुठ्ठ्याच्या आडोशाला टाकतात. त्या दिवशी पुठ्ठा बाजूला सरकवला आणि टेबलाच्या मध्यात, साऱ्यांसमोर टाकला. सहा पडले. सगुणा मेली.

मला आनंद झाला असं कोणी समजू नये. राग आला. वाटेत सुनेला म्हटलं, "पेर अजून ढोल!"

दुसऱ्या दिवशी सर घरी आले. माफी मागितली असती तर मी त्यांना दारातूनच वाटेला लावलं असतं. त्यांनी खाटेवर एक कोरा कागद ठेवला.

"बाई, नवीन मानूस करा."

"माह्या मानसाले मारून वरून कागद आनून देता? काई शरम?"

"आहे ना. पन अकराच होते."

"होते," मी म्हटलं. "मले बी मोजता येते. पन सुनंदानं ढोल लिवला तवा तुमी काऊन नाई बोलले?"

"मी बोललो असतो त लढाई माही झाली असती, बाई. तुमची नाई."

मी चहा टाकला.

सुनंदाने ढोल सोडला आणि जाळं शिकून घेतलं. अडकलेल्या जनावरावर वार केला की वेगळ्या प्रकारचा बोनस मिळतो, तो इतरांवर चढतो. मी सगुणेची सासू तयार केली, भालेवाली, तोंडाने सगुणेपेक्षा वाईट. तोवर अस्वल पुन्हा धडधाकट झालं होतं. धार, जागा, रोशनचा एकच ढोल आणि सुनंदाचं जाळं, असे चारही एकमेकांवर चढले आणि ते अस्वल आडवं झालं. ते अस्वल माझं आहे. कोणी मला दान दिलेलं नाही. गावात ताठ मानेने सांगते.

सरांच्या स्वभावाबद्दल इतर मंडळी लिहितीलच. माझ्या डोळ्यांदेखतचं एवढं लिहिते की रोशनची कारखान्यातली पाळी रविवारवर आली तेव्हा सरांनी त्याची जागा दुसऱ्याला दिली नाही. आम्हा दोघींना घेऊन स्वतः घुग्घुसला जायचे, त्याच्या खोलीवर खेळ मांडायचे. परत येताना तिघांच्या अंगावर इतकी धूळ असायची की कोण सर आणि कोण म्हातारी ते ओळखू येत नसे. आता नागभीडकडेही काही पोरीपोरं सरांच्या नियमांनी खेळतात असं ऐकते. त्यांनीही पहिल्यांदा सारे ढोलच घेतले असतील.

सरांना साठ वर्षं पूर्ण झाली. त्यांचा गळा गोष्ट सांगण्याइतका राहो, डोळे फासा वाचण्याइतके राहोत, आणि त्यांच्या घरच्या सरबाईंनी दर रविवारी त्यांना खेळायला सोडावं. पंचाहत्तरीला पुन्हा ग्रंथ काढाल, तेव्हा मी असली तर त्याच टेबलावर असेन, कोणतं तरी हत्यार घेऊन. त्या दिवशी माझा घाव एकाने कमी पडला तर सरांनी पुठ्ठा सरकवून मला साऱ्यांसमोर मारावं. तेवढं निरोगी, तेवढं कडक आयुष्य त्यांना लाभो.