मोंबाशातली गावची माडी

त्यांचा जीव गेला तवा घरात आमी पाच जनं व्हतो. मी, माजी लेक शेवंती, जावई नारायन, शेजारची गंगू आन वैद्य बापू. सहावे ते, खाटंवर. सकाळची येळ व्हती, मागं वाडीत सुपारी सोलायचं काम चाललेलं. लेकीनं तोंडात पानी घातलं, ते त्यांनी थुकलं आन म्हनाले, "धाकूची आन." बापूंना वाटलं धाकू म्हंजे कोन जवळचा मानूस. मला इचारलं, "बोलावनं धाडू का त्याला?" मी म्हटलं, "तो मरून वीस वर्सं झाली. ह्यांना त्याच्या हातची माडी पायजे प्यायला." थोड्या येळानं सगळं थांबलं.

दीड महिना झाला त्याला. तेराव्याला लोकं जेवली आन वाखानून गेली. अण्णा मोठा मायाळू मानूस, परदेशात ऱ्हाऊन गाव इसरला न्हाय, गावची माडीसुद्दा शोदून काडलीन... पेपरात छापायला चार चांगल्या आठवनी सांग म्हनून नात वही घेऊन समोर बसली हाय. चांगल्या कोनत्या ते तिनं बघावं. झालं तसं मी सांगते.

मिठाच्या सत्याग्रहाची धामधूम झाली त्याच्या आदल्या साली आमी मोंबाशाला गेलो. ह्यांना तिथं गोदीत काम लागलं व्हतं. शेवंती तवा तीन वर्सांची. बोटीवर पोरं मरतात असं कोनीतरी सांगितलं, म्हनून तिला दिवेआगरला माज्या आयजवळ ठेवली. हे म्हनाले, "दोन वर्सं गो. दोन वर्सांत परत." श्रीवर्धनच्या धक्क्यावर ती आयच्या कडेवर व्हती, हातात भाकरीचा तुकडा. रडली न्हाय. तिला वाटलं आमी बाजाराला चाललो.

पैलं वर्स हे रोज घराचं नाव काडायचे. जेवताना ताट सरकवायचे, "हितल्या माशाला चव न्हाय, हितल्या पान्याला चव न्हाय." मला बरं वाटायचं. मानूस असा तळमळला म्हंजे परत जानार, असं माजं गनित. मंग एका रईवारी हे घरी आले ते नाचतच. "अगो, गावची माडी गावली! काशीदचा भंडारी हाय, धाकू. खोपटी घातलीन माडांच्या बनात. एक घोट घेतला आन डोळ्यांतून पानीच आलं." मी भंडाऱ्याचीच लेक. बापाच्या घरी माडीची मडकी धुवूनच मोठी झाले. मी इचारलं, "गावची माडी हिकडं आली कशी? माडी एका दिसात आंबते. बोटीला किती दिस लागतात?" तर म्हनाले, "तुला न्हाय कळायचं."

कळायचं काय त्यात! माड तिथला, पानी तिथलं, मडकं तिथल्या कुंभाराचं. गावचा व्हता तो फक्त माडाची पोय, म्हंजे फुलाचा कोंब, कापून रस काडनारा हात. पन आमची मानसं खोपटीत बसून एकेक घोट घ्यायची आन डोळं मिटायची. दिवेआगरचा म्हनायचा, ही आमच्या वाडीतली चव. मुरूडचा म्हनायचा, हट, ही आमची. तळ्याचा एक कुनबी व्हता, त्याच्या गावात शेती आन डोंगर, तोसुद्दा म्हनायचा आमच्याकडची लागते. भांडायचे त्यावरनं. मंग गळ्यात गळा घालून रडायचे.

आन घराचं नाव बंद झालं. ते मला पैलं ध्यानातच आलं न्हाय. दोन वर्सं झाली, मी बोटीचं काडलं, तर म्हनाले, "बघू." तीन झाली, "बघू." आता ताटातल्या माशाला नाव ठेवत न्हवते. जेवायचं आन खोपटीत जायचं. तिथं रोज सांजचे चार घटका घरी जाऊन यायचे, मंग बोट कशाला पायजे? मी माडी पीत न्हवते. मला घरी जायला बोटच लागत व्हती.

धाकूला बायको न्हवती. मी भंडाऱ्याची हाय म्हटल्यावर मडकी धुयाचं काम त्यानं मला दिलं. चौथं वर्स चाललं व्हतं. आयचा कागद आला, मास्तरांकडनं लिवून घेतलेला. "शेवंती सात वर्सांची झाली, मलाच आय म्हनते, तू येनार कदी?" त्याच दिशी मी मडक्यांना आतनं चुना फासला. पानाला खातात तोच. मडक्याला चुना असला की माडी चढत न्हाय, गोड नीरा ऱ्हाते. माजा बाप दुखनाईत मानसाला तशी काडून द्यायचा. मला वाटलं, चार दिस नशा मिळाली न्हाय की उठतील सगळे, आपापल्या वाटेनं जातील. ह्यांचं डोकंपन जाग्यावर येईल.

दुसऱ्या दिशी धाकू मडकं घेऊन माज्यासमोर उभा. "वयनी, मडक्याला चुना हाय."

"असंल."

"असंल न्हाय, हाय. जिभेला कळतंय माज्या."

"मंग सांग जा त्यांना."

त्यानं मडकं खाली ठेवलं. मंग हसला. "नको. त्यांना कळतंय का बघू तरी."

आठ दिस मी चुना फासला. आठ दिस ती मानसं नीरा प्याली, लहान पोरांना देतात ती. आन काय सांगू... झिंगले! मुरूडचा हेलपाटून पडला. तळ्याचा गानी म्हनायला लागला. हे प्यायची करवंटी छातीशी धरून रडत व्हते, "माजी शेवंती गो, माजी बाय..." मी झावळ्यांच्या आडोशाला मडकी धूत व्हते, सगळं ऐकत व्हते. शुद्धीवरचा मानूस रडत व्हता, त्याला म्हाईत न्हवतं येवडंच. धाकू माज्याजवळ आला आन हळूच म्हनाला, "वयनी, ह्यांना माडीबी नको हाय."

दुसऱ्या दिशी सकाळी मी म्हटलं, "अवो, शुक्रवारी बोट हाय. लेकीसाठी रडता तर चला." भाकरी मोडता मोडता म्हनाले, "बघू."

तवा मला राग आला असता तर बरं झालं असतं. राग न्हाय आला. त्यांच्याकडं बघितलं तर काय वाटलंच न्हाय... उष्टं ताट बघावं तसं बघितलं. बांगड्या मोडून भाड्याचे पैसे केले आन पुढच्या बोटीनं एकटी आले. बंदरावर सोडायला धाकू आला व्हता. त्याला म्हटलं, तूबी चल गावाला. तर म्हनाला, "एक दिस पोय कापली न्हाय तर सुकते वयनी. मी कुठला येतोय." त्याचं कारन तरी खरं व्हतं.

दिवेआगरला पोचले तवा शेवंती अंगनात खेळत व्हती. आठवं लागलं व्हतं तिला. मला बघून आत पळाली आन माज्या आयला म्हनाली, "आय, कोन बाई आलीय." घरातली बाकी पोरं मला अक्का म्हनायची, तीपन अक्का म्हनायला लागली. मी वाट बघितली, आज म्हनंल, उद्या म्हनंल. पन्नाशी उलटली तिची. अजून अक्काच म्हनते. तिचा काय दोष न्हाय.

हे आले दुसऱ्या लढाईच्या आदल्या साली, गोदीतलं काम सुटलं म्हनून. संगं एक पेटी आन ती करवंटी. आल्याच्या दुसऱ्या दिशी माज्या भावानं आमच्याच वाडीतली ताजी माडी आनून दिली. ज्या चवीसाठी दहा वर्सं रडले ती. ह्यांनी करवंटीत ओतून घेतली, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "छे. धाकूची सर न्हाय हिला." आन त्या दिसापासून मरंस्तवर पडवीत बसून मोंबाशासाठी उसासे टाकले. लोकं त्याला माया म्हनतात.

ती करवंटी पडवीत खुंटीला हाय. हात लागून लागून काळी, गुळगुळीत झालीय. त्यांच्यासंगं चितेवर टाकायला मी घेऊन निघाले व्हते, तर शेवंतीनं हातातनं घेतली. "राहू दे अक्का. अण्णांची हाय." परत खुंटीला लावलीन, आन रोज पुसते. ज्यानं तिला वाट बघायला ठेवलं, त्याची करवंटी पुसते.

वाचनाऱ्यांनी एक करा. तुमचा कोनी मानूस पोराला मागं ठेवून लांब देशी गेला असंल तर हा कागद कापून त्याला धाडा. गावचं लोनचं, पापड, सुकी मासळी काय धाडू नका. नुसता कागद. आन खाली लिवा, कदी येतोस त्याची तारीख कळव, बघू म्हनू नको.