दिव्याजवळचं पीठ

आई गेली त्या जागी संध्याकाळी दिवा लावला, शेजारी ताटात तांदळाचं पीठ पसरलं आणि वर टोपली पालथी घातली. गेलेलं माणूस पुढं कुठल्या जन्माला गेलं, त्याचं पाऊल त्या पिठात उमटतं म्हणतात. सकाळी टोपली उचलली आणि सगळे वाकले.

"चिमणीची पावलं आहेत बघा," मावशी म्हणाली. मावशीला उभ्या आयुष्यात गावाबाहेर पडायला मिळालं नाही. काकूला तान्ह्या बाळाचं पाऊल दिसलं. तिच्या घरात पाळणा कधी हललाच नाही. आईच्या नावाने जो तो आपलाच पुढचा जन्म निवडत होता. इथं काही मिळालं नाही म्हणून तिथं मागायचं, आणि मागायचं कुठं, तर एका ताटात! मला नुसतं पीठ दिसत होतं. सपाट.

बाबा शेवटी आले. चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले.

"मला काहीच कसं दिसत नाही रे? कुठं गेली असेल ती?"

दरवर्षी वडाला दोरा गुंडाळत आईने सात जन्म हाच नवरा मागितला होता. आणि शेवटच्या दुखण्यात, मी कूस बदलून देताना, हळूच म्हणाली होती, "आता कुठलाच जन्म नको रे. फार दमले."

बाबा अजून वाकूनच होते. आईने मागितलेलं एवढं एकच तिला मिळालं असावं. ते त्यांच्यासमोर ताटात पसरलं होतं, आणि मला ते त्यांना दाखवता येत नव्हतं.